हातापेक्षा डोळा

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये जोखमीची जागा जेमतेम दोन बोटांची असते. पित्ताशयाच्या मानेपाशी एक लहानसा त्रिकोण असतो, कॅलोचा त्रिकोण. पित्ताशयाची नळी आणि त्याला रक्त पुरवणारी बारीक धमनी, या दोनच गोष्टी तिथे शोधायच्या, क्लिपा लावायच्या आणि कापायच्या. बाकी कशालाही धक्का लावायचा नाही. अडचण अशी की यकृतातलं पित्त आतड्याकडे नेणारी मुख्य नळी, आम्ही जिला सीबीडी म्हणतो, ती तिथूनच लगटून जाते. सूज येऊन सगळं एकमेकांना चिकटलं की दोन्ही नळ्या सारख्याच दिसू लागतात. सीबीडी कापली गेली तर चाळिशीतल्या धडधाकट बाईच्या मागे कावीळ, ताप, पोटात नळ्या, पुन्हा मोठं ऑपरेशन असं शुक्लकाष्ठ लागतं. आपल्याकडच्या घराला त्यात नाशिक-मुंबईच्या वाऱ्या आणि सावकाराचं कर्जही धरावं लागतं. जगभरात हजार ऑपरेशनांमागे साधारण तीन ते पाच वेळा हे घडतं.

२००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे या सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मी तो शिकत असताना वाचला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यांनी ऑपरेशनच्या नोंदी आणि चित्रफिती बारकाईने तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की ९७ टक्के वेळा चुकीचं मूळ हाताच्या कसबात नव्हतं, दृष्टिभ्रमात होतं. सर्जनने सीबीडीच पित्ताशयाची नळी समजून अगदी नीट, शांतपणे, सफाईने कापली होती. दोरीला साप समजणारा निदान घाबरून मागे तरी सरतो. इथे सापाला दोरी समजून हात घातला जातो, आणि म्हणून मनात शंकाही येत नाही. बहुतेकांच्या ते टेबलावर लक्षातही आलं नव्हतं.

रोबोट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याबद्दल मला जे काही वाटतं ते या एका आकड्यापासून सुरू होतं. मी अमळनेर-पारोळा पट्ट्यात सर्जरी करते. महामार्गावरून जळगावकडे जा नाहीतर नाशिककडे, रोबोटने गुडघा बदलून देणाऱ्यांचे फलक दिसतात. ओपीडीत येणारा प्रत्येक दुसरा नातेवाईक मोबाइलमधला एखादा व्हिडिओ पुढे करतो. त्यांच्या प्रश्नात मला भाबडेपणा दिसत नाही. आपल्या माणसाला सगळ्यात चांगलं मिळावं, एवढीच ती तळमळ असते, आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं.

आज भारतात पोटाच्या सर्जरीत ज्याला रोबोट म्हणतात तो स्वतःहून काहीच करत नाही. मुंबईत एका प्रशिक्षणात मी त्याच्या कन्सोलवर बसले होते. कपाळ एका खोबणीत टेकवायचं, दोन्ही हातांची बोटं कड्यांत अडकवायची, पाय पेडलवर. समोर पोटाच्या आतलं चित्र खोलीसकट दिसतं, दहा पटींपर्यंत मोठं. आपण बोटं जितकी हलवू त्याच्या काही अंशानेच आतलं अवजार हलतं. हाताचा बारीक कंप मधेच गाळला जातो. अवजाराच्या टोकाला मनगट आहे. नेहमीच्या दुर्बिणीच्या सरळसोट काड्यांना जे कधीच जमत नाही, ते वळणं तिथे सहज जमतं. सुई आत वळवून टाका घेतला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) मागे, जिथे दोन्ही हातांना जागाच नसते, तिथे हे यंत्र खरोखर कामाचं आहे. एक गोष्ट मात्र सारखी खटकत होती. टाका ओढताना दोऱ्याचा ताण हाताला कळत नव्हता, तो नजरेनेच ओळखावा लागत होता. दा विंची नावाच्या रोबोटच्या २०२४ साली आलेल्या नव्या पिढीत ताण जाणवण्याची सोय केली आहे, म्हणजे ही उणीव बनवणाऱ्यांनाही जाणवलेली होती.

हे काही आजचं नाही. १९८५ साली अमेरिकेत कारखान्यातला प्यूमा ५६० नावाचा यंत्रहात मेंदूतल्या गाठीचा तुकडा घेण्यासाठी सुई धरायला वापरला गेला. दा विंचीला अमेरिकेत २००० साली पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली. इतक्या वर्षांत हात खूप सुधारला. रुग्णाला त्याचा किती फायदा झाला, याचं उत्तर प्रत्येक ऑपरेशनला वेगळं येतं. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना करणारी ४७१ रुग्णांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यातून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटकडे थोडं कमी होतं, पण ठाम म्हणता येईल असा फरक त्यात नव्हता. गुडघ्याच्या रोबोटने हाडाचा काप अधिक अचूक येतो, हे खरं आहे. त्या अचूकपणामुळे माणूस किती जास्त चांगला चालतो, हे मात्र तितकं ठळकपणे दिसलेलं नाही.

२०१८ सालची एक चाचणी मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला सांगते. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पोट उघडून केलेलं ऑपरेशन आणि दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेलं ऑपरेशन यांची तुलना होती. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या बायकांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के निघालं आणि लहान छिद्रांच्या ऑपरेशनमध्ये ८६ टक्के. लहान जखम, कमी दुखणं, लवकर घरी, हे सगळं जिथल्या तिथे होतं. कॅन्सर मात्र जास्त वेळा परतला. आपल्या भागात हा कॅन्सर भरपूर आहे आणि बाई येते तीही उशिराच. तिला ‘बिनटाक्याचं करून टाकू’ असं सांगणं सोपं असतं, म्हणून ही चाचणी माहीत असायलाच हवी.

मग दूरवरून ऑपरेशन करायची कल्पना येते. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को या सर्जनने न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका बाईचं पित्ताशय काढलं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडेच, भारतात बनलेल्या एसएसआय मंत्रा या रोबोटवर, गुरुग्रामहून जयपूरच्या रुग्णाची हृदयशस्त्रक्रिया झाली. अंतर २८६ किलोमीटर. धुळ्याहून मुंबई याहून थोडीच लांब आहे. मला त्या बातमीने खरंच बरं वाटलं. पण लगेच मनात धडगाव आलं. सातपुड्याच्या तिथल्या पाड्यांवरून माणसाला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांना दवाखानाही बोटीतून जातो. तिथे मुंबईच्या सर्जनचे हात पोचले, असं धरून चालू. भूल कोण देणार? रक्ताची पिशवी कुठून येणार? आत रक्तस्राव सुरू झाला आणि तारेतला संदेश तुटला, तर हातमोजे घालून पोट उघडणारा माणूस टेबलाजवळ उभा लागतो. असा माणूस, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा तिथे असेल, तर अपेंडिक्स आणि सिझेरियनसाठी मुंबईच्या हातांची वाट बघावीच लागणार नाही. त्यातून यंत्राची किंमत कोटींत, आणि त्याची अवजारं ठरावीक वेळा वापरली की यंत्रच ती पुढे चालवून घेत नाही. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन करणाऱ्या तालुक्याच्या दवाखान्याने हे गणित कसं बसवायचं?

यंत्राच्या डोळ्याचं गणित वेगळं आहे, कारण त्याला लागणारा कॅमेरा आमच्याकडे आधीच आहे.

दुर्बीण खानदेशात पित्ताशयासाठी आली नाही. ती आली कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. तेव्हा पडदाही नव्हता, सर्जन दुर्बिणीच्या टोकाला स्वतःचा डोळा लावायचा. १९९० मध्ये डॉ. टेहमटन उदवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं पहिलं. त्या वेळी मोठमोठ्यांनी ही चैन आहे, गरीब देशाला परवडणार नाही, असं म्हटलं होतं. उदवाडिया मात्र हे तंत्र लहान गावांत नेत राहिले, कारण मजुरी करणाऱ्या माणसालाच लवकर कामावर जाण्याची सगळ्यात जास्त निकड असते. आज तालुक्यातालुक्यात कॅमेरा आहे, पडदा आहे. त्या दोघांच्या मध्ये एक संगणक बसवायचा, एवढीच ही गोष्ट आहे.

तो काय करेल? २०२२ साली टोरांटोच्या एका गटाने पित्ताशयाच्या ऑपरेशनांच्या चित्रफितींवर शिकवलेली प्रणाली प्रसिद्ध केली. चालू चित्रावर ती हिरवा आणि तांबडा भाग दाखवते. हिरव्यात काम करा, तांबड्यात शिरू नका. स्ट्रासबुर्गच्या मंडळींनी दुसऱ्या बाजूने हात घातला. नळी कापण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट दिसल्याच पाहिजेत, असा दंडक १९९५ पासून आम्ही पाळतो: त्रिकोणातली चरबी आणि जाळी साफ झालेली, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी. या तीन अटी पुऱ्या झाल्या की नाही, हे संगणकाने तपासावं असा त्यांचा प्रयत्न आहे. मला यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की दृष्टिभ्रम झालेल्या माणसाला तो भ्रम आहे हे स्वतःला कधीच कळत नाही. शेजारून कुणीतरी ‘थांबा’ म्हणावं लागतं. मोठ्या शहरात टेबलापलीकडे दुसरा सर्जन असतो. आमच्याकडे कॅमेरा धरायला सिस्टर असते. ती हुशार असते, पण मॅडमना थांबवण्याचा अधिकार तिला कुणी दिलेला नसतो.

गेल्या हंगामातली एक बाई सांगते. पन्नाशीची, कोरडवाहू कापसाचं शेत. सोनोग्राफीत खडे दिसून बराच काळ लोटला होता. ‘वेचणी झाली की येऊ’, मग ‘मुलीचं लग्न झालं की येऊ’. आली तेव्हा तापाने फणफणलेली. रस्त्यावरचा फलक वाचून तिच्या मुलाने तिला काहीतरी सांगितलं असावं. सही घेताना तिने माझा हात धरून विचारलं, “मॅडम, मशीन करी का तुम्ही करशात?” मी म्हटलं, “मीच करसू, माय.” तेवढ्यावर ती निजली.

आत कॅमेरा घातला तर पित्ताशय दिसेचना. चरबीचा पडदा वर येऊन चिकटलेला. तो सोडवत गेल्यावर भिंत लागली, जाड, पांढरट, पकडीत न येणारी. सुईने आतलं ओढून घेतलं तर पू आला. मानेपाशी एक मोठा खडा घट्ट रुतलेला, आणि जिथे त्रिकोण असायला हवा तिथे सगळं एकच वडीसारखं झालेलं. खडा वर उचलला की एक नळी ताणून पुढे येत होती. अगदी पित्ताशयाचीच नळी वाटावी, अशी. भूलतज्ज्ञ वेळ विचारत होते. मी तिथे अवजारं थांबवली. यकृताच्या खालच्या अंगाला एक खाच असते, रूव्हिएची खाच. तिच्या वर राहायचं, खाली उतरायचं नाही, हा जुना नियम. ती खाच शोधली. समोर येत होती ती नळी त्या रेषेच्या खाली होती. मग त्रिकोणाचा नाद सोडला, पित्ताशयच उघडलं, खडे एकेक करून पिशवीत काढले, यकृताला चिकटलेली मागची भिंत तशीच ठेवली आणि मान आतून शिवून घेतली. याला सबटोटल म्हणतात. दिसायला ते ऑपरेशन सुंदर नसतं. बाई आठवड्याने चालत घरी गेली.

त्या क्षणी संगणकाने पडद्यावर काय दाखवलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या नळीवर तांबडा रंग आला असता तर उत्तम. पण यंत्राने तसं पोट पूर्वी पाहिलेलं असेल तरच तो येईल. या क्षेत्रातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला संग्रह स्ट्रासबुर्गचा आहे, १३ सर्जनांनी केलेल्या ८० पित्ताशयांच्या ऑपरेशनांचा. काम मोलाचं आहे, त्याच्याशिवाय पुढचं काही झालंच नसतं. पण फ्रान्समध्ये खडे दिसले की माणूस वेळेवर टेबलावर येतो. वेचणी आणि लग्न पार पाडून आलेलं पित्ताशय त्या ८० मध्ये किती असणार?

नंदुरबारकडची तर आणखी वेगळी गोष्ट. तिथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल आहे. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने पित्तात रंगद्रव्य साठतं आणि विशी-पंचविशीतल्या पोरापोरींना खडे होतात. त्यांना थिएटरमधली थंडी, पाणी कमी पडणं, प्राणवायूची थोडीशी घट, काहीही बाधू शकतं. कॅमेऱ्याला यातलं काही दिसत नाही, ते रक्ताच्या रिपोर्टात आणि भूल देणाऱ्याच्या डोक्यात असतं. त्यातही बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र सावळ्या कातडीला न्याय देतंच, असं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांची लपलेली प्राणवायूची कमतरता त्या यंत्राकडून जवळपास तिप्पट वेळा हुकली होती. इतकं साधं, सगळीकडे असलेलं यंत्र, आणि कितीतरी वर्षं हे फारसं कुणी तपासलं नाही. पडद्यावरच्या रंगांच्या बाबतीत तरी आपण आधी तपासून घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

दुसरी भीती नव्या मुलांची. २०२५ मध्ये पोलंडहून एक अभ्यास आला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत गाठी दाखवून देणाऱ्या संगणकाची डॉक्टरांना सवय झाल्यावर, संगणक नसताना त्यांच्या स्वतःच्या नजरेला गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. हे नवशिके नव्हते, अनुभवी डॉक्टर होते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकलमध्ये शिकणारा मुलगा पहिल्या दिवसापासून हिरव्यातच काम करायला शिकला, आणि एखाद्या रात्री साक्रीत संगणक बंद पडला, तर रूव्हिएची खाच त्याला शोधता येईल? मला वाटतं, शिकवताना रंग आधी बंद ठेवावेत. मुलाने स्वतः पडद्यावर बोट ठेवून नळी सांगावी, मग रंग लावून पडताळावं.

स्वतःहून ऑपरेशन करणारं यंत्रही आता दारात आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२२ साली एका यंत्राने डुकराच्या आतड्याची दोन टोकं स्वतः शिवली. २०२५ च्या जुलैत तिथल्याच दुसऱ्या यंत्राने ऑपरेशनांच्या चित्रफिती बघून शिकून, मेलेल्या डुकरांच्या आठ पित्ताशयांवर नळी आणि धमनीला क्लिपा लावून कापायचं काम, सतरा पायऱ्यांचं, आठही वेळा बरोबर केलं. वेळ सर्जनपेक्षा जास्त लागला. मी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा बघितला. मेलेल्या अवयवात रक्त वाहत नाही, यकृत श्वासाबरोबर वरखाली होत नाही, पू नसतो. तरीही हे क्षुल्लक म्हणून झटकून टाकावं असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत हे माणसाच्या पोटापर्यंत येईल, असं वाटतं. आलं तर ते कुणाची ऑपरेशनं बघून शिकलेलं असेल, हा प्रश्न मला त्याच्या हातापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून सध्या मी रुग्णाची वेगळी परवानगी घेऊन रेकॉर्डिंग जपून ठेवायला सुरुवात केली आहे. ते वाटतं तितकं सरळ नाही. पोटाच्या आत कुणाची ओळख दिसत नाही, पण कॅमेरा पुसायला बाहेर काढला की चेहरा दिसतो, नावाची पट्टी दिसते, ते तुकडे आधी काढून टाकावे लागतात. परवानगीचा कागद मराठीत आहे. अहिराणीत मी तो तोंडी समजावते, पावरीसाठी पाड्यावरच्या आशाताईंची मदत घ्यावी लागते. लोक विचारतात, ‘ह्याचा आम्हाला काय उपयोग?’ मी खरं तेच सांगते: तुम्हाला काही नाही, पुढच्यांना होईल. बहुतेक जण सही करतात. ‘पैसे कोण कमावणार?’ असं एका तरुण शेतकऱ्याने विचारलं. ते कागदावर स्पष्ट असायला हवं हे त्याचं म्हणणं मला पटलं, आणि चित्रफीत विकली जाणार नाही असं वाक्य मी त्यात घातलं.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. संग्रह एका खासगी दवाखान्याच्या कपाटात राहण्यापेक्षा तिथे असावा, नीतिसमितीच्या देखरेखीखाली, असं मी ओळखीच्या प्राध्यापकांशी बोलते आहे. बाकीच्या सर्जन मित्रांनाही मागते आहे. ते लगेच आपली देखणी ऑपरेशनं पाठवतात. परिषदेत दाखवायला ठेवलेली, रक्ताचा थेंब नसलेली. मी त्यांना परत फोन करते आणि सांगते, ती राहू द्या, आधी ती द्या जिथे तुम्ही मध्येच थांबलात, सबटोटल केलंत किंवा पोट उघडलंत.